सतरा नंबर हजर

लष्करी तळ बंद होऊन तीस वर्षं झाली, तरी उस्तादांची हजेरी चालूच होती. पूर्वी ते इथे रंगरूटांना कवायत शिकवत. आता त्याच मैदानाची राखण करत. रोज सकाळी आठला रिकाम्या मैदानापुढे ताठ उभं राहून ते एक ते बत्तीस नंबर पुकारत. कबुतरंसुद्धा पंख मिटून रांगेत बसत.

उत्तर फक्त एकाच नंबराला येई. सतराला.

"हजर!"

आवाज गेंगाणा. उस्ताद न ऐकल्यासारखं करून अठराकडे वळत. न ऐकण्याचा त्यांना सराव होता.

आज हजेरी संपते न संपते तोच स्मारक समितीचे चिटणीस आले. तळाचा इतिहास छापायला जायचा होता. पानं चाळीस, त्यातल्या बारांवर अध्यक्षांचे फोटो. अध्यक्षांनी तळ लांबून पाहिला होता, गाडीतून.

"उस्ताद, एवढ्या ओळीखाली सही ठोका, की मी सुटलो."

ओळ होती : 'प्रशिक्षणात एकही जीव गेला नाही. सतरा नंबरचा रंगरूट तेवढा पळून गेला.'

"त्याची बहीण आली होती कचेरीत," चिटणीस म्हणाले. "म्हणते, पळपुट्याची बहीण म्हणवून घेण्यात जन्म गेला, आता छापू तरी नका. मी म्हटलं, बाई, हजेरी उस्तादांनी घेतलेली. वहीपुढे कोणाचं चालतं?"

घेतली होती खरी. चाळीस वर्षांपूर्वी, धुक्यातल्या संध्याकाळी, पाण्याने भरलेला खंदक ओलांडून आलेल्या चिखलाने माखलेल्या पोरांची. सतराला "हजर" ओरडला तो सोळा. तळावरची रीतच ती : शेजारी मागे राहिला की त्याच्या वतीने ओरडायचं, उस्तादांनी कानाडोळा करायचा. पोरं म्हणत, उस्ताद म्हणजे बाप माणूस! सोळाचा गेंगाणा आवाज त्यांनी ओळखला आणि बापपणा केला. सकाळी सतरा नाही. वहीत संध्याकाळी हजर, म्हणजे रात्री पळाला. खंदकात कोणी साधी काठी घालून पाहिली नाही. आठवड्याने तो मातीने बुजवला.

उस्ताद उठले आणि पुन्हा मैदानापुढे उभे राहिले.

"अहो, सही राहिली!"

"एक!... दोन!..."

"चहा घेतला नाही वाटतं सकाळी," चिटणीस हसले.

"सतरा!"

"हजर!"

चिटणीसांच्या हातातून अध्यक्ष गळून पडले, बाराही. "को... कोण बोललं?"

"सोळा," उस्ताद म्हणाले. मग मैदानाकडे वळून ओरडले, "सोळा, थापा पुरे! सतरा नंबर गैरहजर!"

कबुतरं भर्रकन उडाली. मैदानावर कोणी नव्हतं, पण धूळ उठली. एकतीस जोडी बुटांची दडदड बुजवलेल्या खंदकाकडे धावत गेली आणि एकदम थांबली. जणू वाट पाहत.

उस्तादांनी खाली पडलेल्या कागदावरची ओळ खोडली, वर 'संध्याकाळीच गैरहजर. खोटी हजेरी मी लिहिली,' असं लिहून सही केली. कोपऱ्यातलं फावडं उचललं.

"बाईंना बोलावून घ्या," ते म्हणाले. "आणि बारातलं एक पान काढा. जागा लागेल."