निकेलवरची जागा

लातूर जिल्हा होऊन वरीस झालं. कलेक्टर आला, पाट्या आल्या, पाणी तेवढं आलं नाही. वनस्पती तुपाच्या कारखान्यालासुद्धा टँकरचीच वाट बघावी लागायची. तिथला जुना ऑपरेटर देविदास, मूळचा नायगावचा. बायको यशोदा वारून दोन वर्षं झाली, तरी एका खोलीच्या क्वार्टरात तिची निजायची बाज, तिची पेटी, दोरीवरचं तिचं लुगडं जिथल्या तिथं. पावणा आला तर देविदास उंबऱ्यावरच चहा पाजून वाटेला लावायचा.

लेक सिंधू उमरीला दिलेली. तिचं पत्र आलं, "बाबा, हितं विहिरी आटल्या, ह्यांचं काम बंद झालं. पाऊस पडेपस्तोर लेकराला घेऊन आम्ही दोघं तुमच्याकडं येऊ का?" देविदासनं पत्र खिशात घातलं. लेकीला नाही म्हणवेना, अन् यशोदेची बाज हलवायला जायचा तो तिच्यावरची धूळ झटकून परत फिरायचा. आता सांगा, बाजंला काय जीव असतो? पण एकलं पडलेल्या माणसाला कुणी समजवावं! महिना उलटला.

एक दिवस कारखान्यात तेल घट्टच होईना. बंद टाकीत निकेलच्या भुकटीसंगं तापवून हायड्रोजन गॅस सोडला की चार तासांत व्हायचं. आज आठ झाले तरी पातळच. देविदासनं गॅस वाढवला. काही फरक नाही. मग शिवप्पा केमिस्ट आले, उदगीरकडचे.

"तेल किती बारी धुतलंस?"

"एकच बारी. पाणी कुठं हाय साहेब?"

कॉस्टिक सोड्यानं साफ केलेल्या तेलात साबण राहतो, तो तीनदा धुऊन काढायचा असतो. पाणी वाचवायला गेला अन् साबण तेलातच राहिला.

"मग गॅस कशाला वाढवलास?" शिवप्पा चिडले. "निकेलवर जागा मोजक्याच. तेलानं यावं, बसावं, गॅस घेऊन घट्ट व्हावं अन् उठावं. ते उठलं की दुसरं बसतं. हा साबण बसला तो उठंना. बाहेर कितीबी गर्दी कर, काम सरकायचं न्हाई."

"मग ह्यो कवा उठंल?"

"न्हाई उठत. निकेल बदल."

देविदास घरी आला तो तडक बाजेशी गेला. लुगडं घडी करून पेटीत ठेवलं. बाज दाराबाहेर भिंतीला उभी केली. भरपूर रडला. मग कार्ड लिहिलं, 'या. जागा केली हाय.'

आठ दिवसांनी सिंधूचं पत्र आलं, पण हैदराबादहून. "बाबा, तुमचं उत्तर येईना म्हणून आम्ही हिकडं कामावर आलो. आता हितंच राहू. तुम्ही आईची बाज हलवू नका. मला ठाऊक हाय तुमचा जीव." त्याचं कार्ड उमरीत कुलूपबंद दाराशी पडलं असणार.

दुसऱ्या दिवशी त्यानं शिवप्पांना विचारलं, "साहेब, जागा मोकळी हाय अन् कुणी येईचना, तर?"

"तर येण्यावर अडतं. निकेल कितीबी चांगलं असू दे, नुस्तं थांबायचं."

देविदासनं त्या दिवशी तेल तीन बारी धुतलं. संध्याकाळी घरी येऊन तो उंबऱ्यावरच बसला. खोलीत आता चौघं निजतील एवढी जागा होती.