साहेबासाठी बुजवलेला रस्ता

साहेबाची जीप गेली अन् भावना माझ्याशी बोलायची बंद झाली. भावना म्हणजे माझी सून, आमच्या वरुडखेडीची सरपंच. चहा आणून ठेवला तो असा आदळून की निम्मा बशीत. विचारलं, "काय झालं गं?" तर माझ्याकडं न बघता आत गेली अन् पिठाचा डबा उगीच काढून पुन्हा जागेवर ठेवला. सरपंच झाली म्हणून सासूला जबाब द्यायचा न्हाई का? बरं, मी वाईट काय केलं तेही मला कळेना. मी तर जिल्ह्याच्या साहेबापुढं गावाची इज्जत राखली होती.

आता आधी आमच्या तळ्याभोवतीचे रस्ते सांगते, न्हाईतर बाहेरच्या माणसाला काही कळायचं न्हाई. रस्ते तीन. तिन्ही जिल्हा परिषदेचे. एक तळ्याच्या पाळूवरून, म्हणजे बांधावरून जातो, अरुंद, समोरून गाडी आली की एकाला मागं सरकावं लागतं. दुसरा माळावरून जातो, लांबचा, बस तिकडून कधी येत न्हाई, त्याच्यावर शेळ्यांशिवाय कोणी न्हाई. तिसरा काठाचा, तो आमचा. आमच्या वस्तीवरून, विहाराला वळसा घालून टेंभुर्णीच्या फाट्याला लागतो. हे तिन्ही रस्ते एकमेकांना असे मिळतात की तळ्याला कुठूनही फेरा मारला तरी माणूस वरुडखेडीतच येतो. फाट्याफाट्यावर पाट्या आहेत. एकाच पाटीवर दोन बाण, एक डावीकडं, एक उजवीकडं, अन् दोन्हीवर आमच्याच गावाचं नाव. खोटं काहीच न्हाई त्यात, पण नवा माणूस पाटीखाली उभा राहून डोकं खाजवतो.

काठाच्या रस्त्यानं टेंभुर्णीची बस यायची. पावसाळ्यात तळं तुडुंब भरलं अन् वळणावर रस्त्याची कड पाण्यात खचली. ड्रायव्हर म्हणला, मी गाडी तळ्यात घालणार न्हाई. त्याचं बराबर होतं. बस बंद झाली, अन् माझ्या नातीची, पायलची पंचाईत झाली. पोरगी बारावीला आहे टेंभुर्णीला, सायन्सला. माझा लेक भारत तिला मोटरसायकलवर सोडायचा, पण कापूस वेचणीचे दिवस, रोज कसं जमणार? ज्या दिवशी जमलं न्हाई त्या दिवशी पोरगी घरी. कॉलेजातून निरोप आला, प्रॅक्टिकल बुडाले तर परीक्षेला बसता येणार न्हाई. भारत म्हणला, "आई, रस्ता झाला तर ठीक. न्हाई तर हे वर्ष सोडून द्यावं लागंल." म्हणून भावना तालुक्याला गेली, जालन्याला गेली, पुन्हा गेली, अन् शेवटी जिल्हा परिषदेचा साहेब रस्ता बघायला येतो म्हणून कबूल झाला.

इथपर्यंत सगळं मला समजलं होतं. पुढचं सांगते, तुम्हीच बघा त्यात काय चुकलं.

आमच्या वस्तीत कोणी मोठं माणूस यायचं असलं की आधी रस्ता नीट करतात. वर्षावासात भंतेजी येतात तेव्हा करतात, पोरीच्या लग्नाचं वऱ्हाड येतं तेव्हा करतात. खड्ड्यात मुरूम टाकायचा, पाणी मारायचं, ट्रॅक्टर फिरवायचा. मी लग्न होऊन आले तेव्हा बैलगाडी फिरवायचे, एवढाच फरक. कोणी सांगावं लागत न्हाई. पाहुणा आपल्या दारी येताना ठेचाळला तर नाव कोणाचं जातं?

भावना आदल्या दिवशीच मीटिंगला जालन्याला गेल्ती. मुक्काम तिच्या बहिणीकडं, अन् सकाळी साहेबाच्याच जीपमधून येणार होती. म्हणजे घरातलं मोठं माणूस मी. मी दिराला हाक मारली. कडूबा त्याचं नाव, ट्रॅक्टर त्याचाच.

"भावजी, उद्या साहेब येणार हाय. मुरूम आणा."

कडूबा तंबाखू चोळत म्हणला, "वैनी, साहेब रस्ता बघायला येऊन राह्यला. अन् आपण बुजवायचा?"

"मंग काय खड्ड्यात उभा करायचा त्याला?"

"न्हाई, तसं न्हाई."

"मंग कसं?"

त्याला सांगता आलं न्हाई. "बराबर हाय," म्हणला अन् ट्रॅक्टर काढला. त्याला तेव्हा काय सुचलं होतं ते त्यानं तोंडानं सांगितलं असतं तर पुढचं रामायण झालं नसतं, पण आमच्या घरातल्या माणसांना अर्धंच बोलायची सवय.

चतुराबाई आली, वस्तीतल्या बाया आल्या. विहिरीच्या खोदकामाचा मुरूम पडला होता तो सगळा ओढला. वळणावरची खचलेली कड मात्र मुरमानं भरेना, टाकलं की पाण्यात जाई. मग चतुराबाईच्या सरपणातल्या पऱ्हाट्या आणल्या, कापसाच्या वाळक्या काड्या, त्यांचे भारे आडवे दाबले, वर पोती, पोत्यांवर मुरूम. वरून पाणी मारून हातानं थापलं. दिवस मावळायच्या आत रस्ता असा झाला की त्यावर भाकरी थापावी. सकाळी विहारापुढं मी स्वतः रांगोळी काढली.

जीप आली. सरसर आली, गचका न्हाई, धूळ न्हाई. साहेब उतरला, पोरसवदा, चष्मेवाला. मागून भावना उतरली अन् रस्त्याकडं असं बघाय लागली जसं दुसऱ्याच गावात उतरली.

साहेब म्हणला, "मॅडम, तुम्ही फाट्यापासून सांगत होता, कड खचली, बस उलटेल. कुठे खचली?"

भावना वळणाकडं बघायची, माझ्याकडं बघायची. "साहेब, ते... परवापर्यंत इथं..."

मला तिचा रागच आला. पाहुणा दारात उभा अन् ही गावाची खरकटी काढून दाखवती! मी म्हणलं, "परवाचं काय घेऊन बसली? साहेब, आमचा रस्ता बारा महिने असाच असतो. वरुडखेडी म्हणत्यात हिला."

साहेब हसला. "छान ठेवलाय हो गावकऱ्यांनी." मोबाईलवर फोटो काढला, पुढून, मागून. चहा घेतला, वाखाणला. मग म्हणला, "यंदा या तळ्याकडचा एकच रस्ता होईल. हा तर उत्तम आहे. तो माळावरचा बघतो," अन् जीपमधे बसून गेला.

मी खूश. वळून बघते तर सुनेचं तोंड दगडासारखं. अन् मग तो चहा आदळणं, तो पिठाचा डबा.

शेवटी पायलला जवळ बसवलं. "तुझ्या आईला काय झालं?"

"आज्जी, साहेब खराब रस्ता बघायला आल्ते."

"मंग बघितला की."

"चांगला बघितला!"

"चांगला बघितला तर बिघडलं कुठं?"

"चांगल्या रस्त्याला पैसे कशाला देतील? खराब असता तर नवा केला असता."

मी तिला पुन्हा सांगायला लावलं. पुन्हा तेच. "म्हंजे ज्यानं राखला त्याला काही न्हाई, अन् ज्यानं सोडून दिला त्याला डांबर?"

"हो."

"अन् माळावरच्या रस्त्यानं जातं कोण?"

"शेळ्या."

मी दुसरीपर्यंत शिकले आहे. पाटी पुसून ठेवली म्हणून मास्तरानं मारलं असं आमच्या वर्गात तरी कधी झालं न्हाई. हे शिक्षण कुठलं म्हणायचं? मी म्हणलं, "तुला बराबर कळलं नसंल. साहेब परत येईल, बस चालू करंल. रस्ता चांगला हाय म्हणला ना तो?"

"आज्जी, वरून चांगला हाय. त्या पऱ्हाट्यांवर बस घातली तर बस तळ्यात जाईल. तुलाच माहीत हाय ना खाली काय घातलं ते."

ते मला माहीत होतं. मीच दाबलं होतं. पायल रडली-बिडली न्हाई. उठली, ओट्यावर पसरलेली तिची प्रॅक्टिकलची जाड वही अन् पुस्तकं गोळा केली अन् पेटीत ठेवायला लागली. ती वेळ अभ्यासाची. तिला म्हणलं, "ठेवती कशाला?" तर म्हणली, "मंग काय करू?"

मला ते बघवलं न्हाई. मी बाहेर आले. "भावजी, ट्रॅक्टर काढा. साहेब गाठायचा."

"कोणत्या रस्त्यानं गेला?"

"माळावरच्या."

माळावर गेलो, जीप न्हाई. फाट्यावर आलो, पाटीचे दोन बाण. कडूबा म्हणला डावीकडं, मी म्हणलं उजवीकडं. उजवीकडं गेलो तर फिरून आमचाच विहार दिसाय लागला. जन्म या तळ्याकाठी गेला माझा, पण रस्ते मी पायानं ओळखते. ट्रॅक्टरवर उंच बसून सगळंच वेगळं दिसतं. रखमाजी शेळ्या घेऊन उभा होता, त्याला विचारलं.

"जीप? गेली की."

"कुठं गेली?"

"तिकडं गेली. मंग तिकडून आली. मंग परत इकडं गेली." हात तळ्याभोवती गोल फिरवून म्हणला, "दोनदा राम राम घातला मला त्यांनी."

साहेब हरवला होता तर. जिल्ह्याचे रस्ते ज्याच्या हाताखाली, तो त्या रस्त्यांवरच गोल गोल फिरत होता. मला हसावं का रडावं कळेना.

पाळूवर तो समोरच आला. इकडून आमचा ट्रॅक्टर, तिकडून जीप, मधी वीतभर जागा न्हाई. साहेब खाली उतरला, घामानं चष्मा घसरलेला. "बाई, बरं झालं भेटलात. टेंभुर्णीला कुठून जायचं? हा बाण इकडे दाखवतो, तोच तिकडेही दाखवतो."

"दाखवते. या माझ्या मागं."

आणला त्याला काठाच्या रस्त्यानं. वळणाच्या अलीकडं थांबवला. ट्रॅक्टरवरची पहार घेतली अन् सरळ त्या थापलेल्या कडेत घातली. ती बुडाली ती बुडालीच. हिसका मारला तशी पऱ्हाट्यांची पेंडी वर आली, पोतं फाटलं, मुरूम खाली घसरला अन् खाली तळ्याचं पाणी डबडब करायला लागलं.

"अहो बाई! काय करताय!"

"रस्ता दाखवते. हा असा हाय."

साहेब भोकाकडं बघतच राहिला. "सकाळी तर म्हणालात, बारा महिने चांगला असतो."

"म्हणलं."

"मग ते खोटं होतं?"

"खोटं कशाला? पाहुण्यापुढं तसंच बोलत्यात."

"तुम्हाला रस्ता पाहिजे का नको?"

"पाहिजे. माझ्या नातीची बस हाय त्याच्यावर."

"मग बुजवला कशाला?"

"तुम्ही येणार होते म्हणून."

"अहो, मी खराब आहे का तेच बघायला येणार होतो!"

"म्हणून तर बुजवला. खराब रस्त्यानं तुम्हाला आणायचं का?"

त्यानं कडूबाकडं बघितलं. कडूबा म्हणला, "मी आधीच म्हणलं होतं." काय म्हणलं होतं ते त्यानं तेव्हाही सांगितलं न्हाई.

साहेबानं चष्मा पुसला. भोकाचा फोटो काढला, पहार उभी ठेवून अजून एक काढला. म्हणला, "सकाळचे फोटो वर गेलेत. हेही पाठवतो. पण एकाच रस्त्याचा सकाळी एक फोटो अन् दुपारी दुसरा, हे मी वर समजावून कसं सांगू? पुन्हा पाहणी लावायला सांगतो. होईल का, मी सांगू शकत नाही."

"कधी लावणार?"

"लावली की कळवतो सरपंच मॅडमना."

झालं. आता त्याला टेंभुर्णीला जायचं, अन् वळणावर मीच भगदाड पाडलेलं. जीप जाईना. पुन्हा उलटा फिरवला, माळावरच्या रस्त्यानं लावून दिला. जाताना मान हलवत होता. मला वाटतं त्याला अजून काही समजलं नसंल. खरं सांगायचं तर मलाही पुरतं समजलं न्हाई. रस्ता राखला तर पायलची बस जाते, रस्ता फोडला तर कदाचित येते. फोडला म्हणून मी आता चांगली का वाईट?

वस्तीतली माणसं जमली होती. भावना पुढं येऊन भगदाडाच्या कडेला उभी राहिली होती, पायल तिच्या मागं. सकाळी जीप गेल्यापासून पहिल्यांदा भावना माझ्याशी बोलली. हळूच. "आत्या, मी सकाळीच साहेबाला सांगणार होते, पण तुम्ही मधी..."

मी पहार जमिनीत रोवली अन् सगळ्यांदेखत तिला म्हणलं, "सांगणार होती, सांगणार होती! सरपंच कोण? मी का तू? साहेब तू आणला, रस्ता तुझ्या गावाचा, पोरगी तुझ्या पोटची, अन् मी मधी तोंड घातलं तर तू मुकी होऊन उभी राह्यली. घरात मला उलटून बोलू नको, ते मी ऐकून घेणार न्हाई. पण पुन्हा साहेब आला अन् मी बोलायला लागले, तर चारचौघात मला म्हणायचं, आत्या, गप बसा. एवढं म्हणता येत नसंल तर तू कशाची सरपंच?"