पानावरचे ठिपके

त्या सकाळी मोहिनीला एका जागी बसवत नव्हतं. बीडच्या कॉलेजातल्या मायक्रोस्कोपच्या खोलीत ती दारापासून खिडकीपर्यंत नि खिडकीपासून दारापर्यंत येरझारा घालत होती. आदिनाथ जमिनीवर मांडी घालून यंत्राच्या उघड्या स्टेजमध्ये बोटं घालून बसला होता.

आदिनाथ मूळचा केजचा. आता पुण्यात राहून असली इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपं दुरुस्त करायचा. या यंत्राची स्टेज, म्हणजे नमुना धरून हलवणारा भाग, गेलं वर्षभर अर्धीच चालत होती. नमुना सरळ धरला तर फोटो निघायचा. तिरपा करायला गेलं की स्टेज अडायची.

"ताई, बसा की जरा," तो म्हणाला. "तुमच्या चालण्यानं हितला स्क्रू हलायलाय."

ती बसली आणि लगेच उठली. फोन पाहिला. दुपारी गावात जेसीबी येणार होता, आणि तो तिच्या एका वाक्यामुळं येणार होता.

मोहिनीचं गाव दिंद्रुड. यंदा तिथल्या मोसंबीच्या बागा पिवळ्या पडत चालल्या होत्या. तिनं वडलांच्या बागेतली पानं आणली, त्यांचे केसाहून बारीक छेद कापले, तांब्याच्या इवल्याशा जाळीवर घेतले, शिशाच्या रंगात बुडवले आणि यंत्रात घातले. पानाच्या पेशीत काळे गोल ठिपके दिसले, एकसारखे, पुंजक्यांनी. तिचे मार्गदर्शक भगवानराव सर पडद्याजवळ वाकून म्हणाले, "विषाणूच वाटतोय हा." त्याच आनंदात तिनं घरी फोन लावला होता.

तिचे वडील विठ्ठलराव दोन वेळा सरपंच होते. त्यांचा शब्द गावात चालायचा. विषाणूला औषध नसतं, रोगट बाग ठेवली तर शेजारची बी जाते, हे त्यांनी कुणाकुणाला विचारून पक्कं केलं आणि पारावर जाहीर करून टाकलं, "माझ्या पोरीनं रोग शोधलाय. बागा काढाव्या लागतील. पहिली माझी काढतो."

तेव्हापासून मोहिनी तोच एक फोटो पुन्हा पुन्हा उघडून पाहत होती. त्यात काय खटकतंय, ते तिला सांगता येत नव्हतं.

"झालं बघा," आदिनाथ हात पुसत उठला. "आता कलतंय. पण आधी उंची जुळवून घ्या. नमुना नेमका कलण्याच्या अक्षावर पाहिजे. वर-खाली राहिला तर इकडं तिरपा केला की तिकडं पडद्यावरनं पळून जातो."

मोहिनीनं तीच जुनी जाळी होल्डरच्या टोकाला बसवली, दांडी यंत्रात सरकवली. यंत्रातली हवा ओढून होईपर्यंत तिनं ओढणीचं टोक पिळून पिळून दोरी केली. मग पडदा उजळला. ओळखीची पेशी, ओळखीचे ठिपके. तिनं उंची जुळवली आणि कल द्यायला सुरुवात केली.

पेशीची भिंत हळूहळू एका बाजूला सरकू लागली. ठिपके तिच्यासोबत गेले नाहीत. आणखी कल दिला, तसे भिंतीच्या आत दिसणारे काही ठिपके चक्क भिंतीवर आले, काही बाहेर पडले.

दुधाच्या पातेल्यावर काचेचं झाकण असावं आणि झाकणावर माशी बसावी. नेमकं वरून पाहिलं तर ती दुधात पडलेलीच दिसते. मान वाकडी करून पाहिलं की कळतं, माशी वरच आहे.

मोहिनीनं नमुना सरकवत जाळीच्या अशा कोपऱ्यात नेला जिथं पानच नव्हतं, छेद कापण्याआधी पान ज्यात बसवतात त्या राळेचा नुसता पारदर्शक पापुद्र्यासारखा थर होता. तिकडं तिनं आजवर पाहिलंच नव्हतं. तिथंही ठिपके. तसेच गोल, तसेच काळे.

"शिसं आहे," ती पुटपुटली. "रंगातलं शिसं. रंगवताना जाळीला श्वास लागला तरी त्याचे असे कण पडतात."

"कोणाचा श्वास?" आदिनाथनं विचारलं.

"माझाच."

तिनं बोलावून आणलेल्या भगवानराव सरांनी स्वतः तीनदा कल देऊन पाहिला. चष्मा काढला. "एका जाळीवरून ठरवू नये," ते म्हणाले. "नवे छेद काप, पुन्हा रंगव. मग सांगू."

"सर, तोवर बाग राहील का?"

सरांनी चष्मा पुन्हा चढवला. "विषाणू हा शब्द पहिल्यांदा मीच उच्चारला," ते म्हणाले. "वडलांना तसं सांग. नाव माझं घे."

तिनं फोन लावला. उचलला आईनं, वच्छलाबाईंनी. "ते रानात गेलेत बाई. फोन हितंच पडलाय. मशीन आलंय न्हवं का."

"माय, पळत जा. थांबवायला सांग त्यान्ला."

"मी जाते. पर माझं ऐकतेत व्हय ते?"

दिंद्रुडवरून जाणारी परळीची एस.टी. मिळाली, पण वडवणीला थांबली, तेलगावला थांबली, मधेच एका म्हातारीसाठी थांबली. मोहिनी उभीच होती. बसायला जागा असून उभी होती. कंडक्टर दोनदा "बसा ताई" म्हणाला. बाहेर उसाच्या ट्रॉल्या आडव्या येत होत्या आणि प्रत्येक ट्रॉलीमागं ड्रायव्हर गाडी हळू करत होता.

बागेच्या बांधावर पोचली तेव्हा पहिली ओळ आडवी झाली होती. मुळं आभाळाकडे, ओली माती गळतेय. जेसीबीचा हात दुसऱ्या ओळीवर उचललेला. आई बाजूला तोंडाला पदर लावून उभी. गावातली माणसं कडेनं दाटीवाटीनं उभी होती.

"आबा! थांबवा!"

विठ्ठलरावांनी हात वर केला. यंत्र घरघरत थांबलं. "कावून?"

"विषाणू न्हाई त्यो. ठिपके पानात नव्हते, पानावर होते. रंगाचा कचरा. माझ्या हातनंच पडलेला." धावल्यानं तिला धाप लागली होती. "सर म्हणले, माझं नाव सांग. पर फोन मी केलता."

"तूच तर म्हणलीस सापडला म्हणून."

"चुकलं माझं, आबा."

"मंग झाडं कावून पिवळी पडायलीत?"

"म्हाईत न्हाई."

मागं कुणीतरी हसलं. विठ्ठलरावांनी तिकडं वळून पाहिलं. "चार माणसांत मान खाली घालायला लावलीस माझी," ते हळू आवाजात म्हणाले.

तेवढ्यात शेजारचा उत्तरेश्वर गर्दीतून पुढं आला. उद्या त्याच्या बागेची पाळी होती. तो मोहिनीशी बोलला नाही, विठ्ठलरावांशीही नाही. ड्रायव्हरकडे पाहून ओरडला, "बंद कर बे ते मशीन! उतर खाली!"

ड्रायव्हर विठ्ठलरावांकडे पाहू लागला.  ते वळले आणि बांधाबांधानं घराकडे चालू लागले. ड्रायव्हरनं चावी फिरवून यंत्र बंद केलं.

त्या दिवशी घरात कुणी धड जेवलं नाही. मोहिनी ताटावरून उठली, अंगणात गेली, परत आत आली. वडील पाठमोरे आडवे झाले होते. आडव्या झाडांचं ओझं तिच्या छातीवर होतं, आणि उरलेली बाग वाचली याचा आनंद करायचीही सोय नव्हती. पिवळेपणा तर तसाच होता.

सकाळी ती बागेत गेली. ताजी पानं खुडत होती, तेव्हा मागून खोकल्याचा आवाज आला. विठ्ठलराव हातात कुदळ घेऊन उभे होते.

"नुसती पानंच काय नेतीस? मुळं बी ने. माती बी ने."

त्यांनी स्वतःच पडलेल्या झाडांची मुळं तोडून दिली, तीन ठिकाणची माती पिशव्यांत भरली. 

"कधी सांगशील?" त्यांनी विचारलं.

"कळल्यावर. आता सगळ्या बाजूंनी बघून सांगीन."

"आन् तवर लोकाईला काय सांगू मी?"

"म्हाईत न्हाई म्हणून सांगा."

हे वाक्य विठ्ठलरावांनी उभ्या जन्मात चारचौघांत उच्चारलं नव्हतं. त्यांनी कुदळीची माती दगडावर झटकली, टोपी नीट केली, आणि पाराच्या वाटेला लागले. उत्तरेश्वर नि चार जण तिथं पहाटेपासून त्यांचीच वाट पाहत बसले होते.