तळ्याकडे गेलेल्या चाकोऱ्या

मित्रांनो, पत्र्याच्या शेडखाली चार विटांवर उभी आहे ना, ती जुनी हिरवी व्हॅन म्हणजे मी. माझं इंजिन ठणठणीत आहे, तरी मी आता कुठेच जात नाही. का जात नाही हे ऐकल्यावर तुम्ही माझी कीव कराल की माझ्यावर रागवाल, कोण जाणे. मला स्वतःला माझा रागच येतो.

मोठ्या कारखान्यात माझा जन्म झाला आणि बोटीत बसून मी या बेटावर आले. बेट लहान. किनाऱ्याच्या कडेने एकच रस्ता. सकाळी निघालं की दुपारी आपण पुन्हा निघालो तिथेच. पाहुण्यांना फिरवणाऱ्या बाकीच्या गाड्या तीन ठिकाणी थांबत: दीपगृह, मोठी पुळण आणि कड्यावरचा कठडा. फोटो काढा, बसा, चला. माझा मालक मात्र सरळ रस्त्याने जाईल तर शपथ. म्हणून सगळं बेट त्याला आडवाट्या म्हणे.

त्याने मला काय काय दाखवलं! वारा सुटला की शिटी वाजवणारा खडक, लाट मागे सरली की खडखडणाऱ्या काळ्या गोट्यांचा किनारा, पाकोळ्यांची गुहा. पण त्याचा जीव अडकला होता तो एका तळ्यात. तिथे तो मला कधी नेत नसे. एका वळणावर मला उभी करायचा, हँडब्रेक ओढायचा आणि म्हणायचा, "गाडी थांबते तिथून जागा सुरू होते." मग बूट हातात घेऊन अर्धा तास चालायचं. पाहुणे कुरकुरत.

"एवढं काय आहे हो तिथे?"

"ते तिथे गेल्यावर विचारा."

परत येताना कुणी काही विचारत नसे. त्यांच्या ओल्या पायांना गार मातीचा वास येई. त्या वासावरच मी समाधान मानून घेई.

पाहुणे दुसऱ्या दिवशी बोटीने निघून जात. त्यांना ती वाट पुन्हा सापडणं शक्य नव्हतं. बेटावरच्या माणसाला मात्र त्याने ती जागा कधी कळू दिली नाही. "झाकली मूठ सव्वा लाखाची," असं म्हणून तो मिशीतल्या मिशीत हसे.

बेटावर तळ्याची खबर होती ती फक्त त्याच्या बायकोला. ती शिवणकाम करायची. माझ्या सीटांना फुलाफुलांचे अभ्रे तिनेच शिवले. "तुमच्या दोन बायकांपैकी हिचेच लाड जास्त," असं ती मला थोपटून त्याला म्हणायची, आणि खरं सांगते, मला बरं वाटायचं. तळ्याला जायचं तिचं वीस वर्षं चाललं होतं. पण दर रविवारी कुणाचा तरी झगा अर्धवट असे. मग एक दिवस ती जिन्यावरून पडली. खुब्याचं हाड मोडलं. कुबड्या आल्या, आणि दहा पावलांवर दम लागू लागला.

तिने रडारड केली नाही. एकदाच म्हणाली, "अहो, माझं तेवढं राहिलं बघा."

दुसऱ्या दिवशी सकाळी आडवाट्याने तिला पुढच्या सीटवर बसवलं. ते वळण आलं. तो थांबला, खाली उतरला, माझ्याभोवती एक चक्कर मारून पुन्हा बसला आणि त्याने मला रस्ता सोडून खाली घातलं. जमीन शेवाळाची, ओल्या गादीसारखी. माझी चाकं रुतत होती, तरी मी ओढ घेत गेले. कारण मलाही ते बघायचं होतं.

मित्रांनो, काय सांगू? तळाशी झऱ्याची वाळू उकळल्यासारखी उडत होती आणि पाण्यावर निळे चतुर भिरभिरत होते. दार उघडून तिने पाय पाण्यात सोडले. "गार आहे हो," म्हणाली आणि लहान मुलीसारखी हसली. माझ्या आयुष्यातला सर्वांत आनंदाचा दिवस तो. मी पार फुशारून गेले होते.

परत निघताना त्याने मागे पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. शेवाळात माझ्या चाकांच्या दोन चाकोऱ्या थेट रस्त्यापासून पाण्यापर्यंत उमटल्या होत्या.

त्याने नेचे कापून वर पसरले, बादल्यांनी पाणी ओतलं. शेवाळ वर्षाला नखाएवढं वाढतं. ते काय भरून येणार? आठवड्याच्या आत एक गाडी चाकोरी धरून आत शिरली. मग तीन. मग रांगच लागली. खोल गेलेल्या चाकोऱ्यांनी तळ्याचा काठ फोडला आणि पाणी त्यांतून रस्त्याकडे वाहून गेलं. तो मला शेवटचं तिथे घेऊन गेला तेव्हा मी नुसता गाळ पाहिला. एकही चतुर नव्हता.

घरी ती रोज विचारायची, "तळं कसं आहे हो?"

"आहे तसंच."

"मग एकदा परत नेता?"

तेव्हा त्याने माझी बॅटरी काढून फळीवर ठेवली, मला विटांवर चढवलं आणि तिला सांगितलं की क्लच गेलाय. असं दोन वर्षं चाललं. मी हा खोटा आळ निमूट सोसला.

मग गेल्या महिन्यात गॅरेजवाला अभ्रे शिवून न्यायला आला. तिने त्याला क्लच बघायला सांगितलं. त्याने बॉनेट उघडलं, खाली वाकून पाहिलं. "वहिनी, क्लचला काही झालेलं नाही. बॅटरीच काढून ठेवलीय कुणीतरी."

आडवाट्या आला तेव्हा ती कुबड्या टेकत येऊन माझ्यात बसली होती.

"तळं गेलं ना?"

तो फळीवरची बॅटरी उचलून पुसू लागला.

"माझ्या हट्टापायी."

"तू हट्ट कुठे केलास? गाडी मी घातली."

मग तिने हळूच विचारलं, "खुर्चीत बसवून चौघांनी उचलून नेलं असतं की हो मला. शेजारचे चौघे एका हाकेसरशी आले असते. तुम्हाला सुचलं नाही?"

"सुचलं होतं," तो म्हणाला. "पण मग चौघांना जागा कळली असती."

मित्रांनो, त्या दिवसापासून ती तळ्याचं नाव काढत नाही. दोघं समोरासमोर बसून जेवतात आणि भांड्यांचाच तेवढा आवाज येतो. माझी चाकं काढून भंगारात घातली तरी माझी तक्रार नाही. तुम्हाला एखादी सुंदर जागा सापडली, तर गाडी दूर ठेवा आणि चालत जा. आणि आपल्या माणसाला चालवत नसेल, तर चार माणसांना हाक मारा. त्यांना जागा कळली तर कळू द्या.