फवारणीच्या पंपावरचं गाणं

बंद

डबा बंद असला की इंद्रजितची गिटार साधी वाजते. डबा म्हणजे पायाने दाबायचं जुनं लोखंडी पेडल. काका नागपूरच्या ऑर्केस्ट्रात होते, तेव्हाचं. दाबलं की सूर जाड होतो, खरखरतो, लांबत राहतो.

चालू

हल्ली दाबलं की सुराआधी घूंऽऽ.

"डब्यात पिठाची चक्की बसवली का?" नलूने विचारलं.

नलू त्याची बायको. ती गाते, तो साथ करतो. फुलसावंगीच्या कार्यक्रमात तिने हळू उचललेला पहिला सूर त्या घूंमध्ये बुडाला होता.

"अडॅप्टरचा दोष हाये. डबा चांगला हाये."

"मंग सेलवर वाजवा."

"सेल गाण्याच्या मधातच बसते."

"पौर्णिमेले घूं झालं, तर डबा घरी राहीन. यवतमाळचा कीबोर्डवाला येतो म्हणते. मी हो म्हणून देईन."

चिडून नाही, भाकर उलटवता उलटवता बोलली. म्हणून त्याला ते खरं वाटलं.

बंद

स्क्रू. झाकण. आतल्या तारांच्या टोकांना हिरवा गंज. घासला. सोल्डरचा डाग दिला. फुगलेला एक कपॅसिटर बदलला.

अडॅप्टर लावला. घूं.

म्हणजे आवाज भिंतीतल्या विजेतून येत होता. भिंतीशी संबंध नसलेली वीज हवी होती.

कोपऱ्यात फवारणीचा पंप उभा होता. पाठीवर घ्यायचा, बॅटरीवाला.

बॅटरी बारा व्होल्टची, डबा नऊचा. मध्ये तीन पायांचा रेग्युलेटर जोडला.

चालू

घूं नाही. फक्त पंख्याचा आवाज. मग त्याने तार छेडली आणि काकांचा सूर खोलीभर पसरला.

"माह्या पंपाले काहून हात लावला?" नलू दारात.

"आईक तं."

तिने ऐकलं. "पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी कपाशी फवारायची हाये. बॅटरी उतरवली तं फवाराले तुमीच जासान. हातपंप घेऊन."

चालू

आश्विन पौर्णिमा. कळंबजवळच्या एका गावात, बुद्धविहाराच्या अंगणात वर्षावास समाप्तीचा कार्यक्रम. धुतलेला पंप मंचाच्या मागे, पट्ट्याला चार्जर तसाच लटकलेला. लाईट गेलेली, माइक जनरेटरवर. दोन गाणी झाली. डबा गप्प, सूर स्वच्छ.

तिसरं गाणं हळू सुरू होणारं. नलू माइकजवळ गेली, तेवढ्यात लाईट आली. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

घूंऽऽ.

इंद्रजितने वायर हलवली. घूं. गिटारचा आवाज कमी केला. घूं. पाय डब्यावर नेला. बंद केला की आवाज जाईल. डबाही जाईल, कायमचा.

पाय तसाच अधांतरी.

नलूने वळून पाहिलं. त्याच्याकडे नाही, त्याच्या मागे, पंपाकडे. चार्जरचा लाल दिवा पेटलेला. शेजारी तिचा भाऊ भीमराज, काम उरकल्यासारखा हात झटकत. लाईट आली की पहिले पंप चार्जिंगला लावायचा, ही सवय दोघा भावंडांना एकाच घरात लागलेली.

नलू माइकवरूनच बोलली, "भीमराजदादा, फवारणी उद्या हाये. पिन काढ!"

अंगण हसलं. मागून एक म्हातारी ओरडली, "माहाबी पंप आणू का रे, भीमराज?"

भीमराजने जीभ चावली. पिन काढली.

शांत.

नलू हसू आवरायला क्षणभर थांबली. मग तो पहिला सूर, हळूच. इंद्रजितने पाय डब्याच्या बाजूला टेकवला आणि त्याचा सूर तिच्या मागोमाग निघाला.

चार्जिंग

घरी आल्यावर त्याने पाठीवरचा पंप उतरवला आणि स्वतःच पिन लावली. नलूने पिशवीतून डबा काढून, पदराने पुसून फळीवर ठेवला.

"कीबोर्डवाल्याले काय सांगतं?" त्याने विचारलं.

"त्याले पंप उचलता येते का, इचारीन."