मावशीच्या बागेतून जाणारा रस्ता

बबडी रस्ते खात्यात अभियंता होती, दोन लेकरांची आई होती, पण मावशीच्या दारात आली की तिची पुन्हा बबडीच व्हायची. त्या दिवशी तर फाटक उघडायचंही तिच्या जिवावर आलं होतं. काखेत नकाशाची गुंडाळी होती, आणि त्यावर तिनेच आखलेली लाल रेघ मावशीच्या रोपवाटिकेच्या बरोबर मधून जात होती.

सगळ्याचं मूळ तो जुना दगडी पूल. ओढ्यावरचा, एका वेळी एकच गाडी जाईल एवढा अरुंद. दोन्ही टोकांना अशी वळणं, की समोरची गाडी नाकाला नाक भिडेपर्यंत दिसायची नाही. मावशीचा नवरा, म्हणजे काका, रोपांचा टेम्पो तिथे इतक्यांदा घासून आले होते की टेम्पोचा मूळ रंग कोणता यावर घरात वाद व्हायचे. लोक हसायचे. पण गेल्या वर्षी शाळेच्या बसचं मागचं चाक कठडा फोडून ओढ्यावर लटकलं, पोरांना पुढच्या दारातून एकेक करून उतरवावं लागलं, आणि सगळ्यांचं हसू पळालं. मग खात्याने ठरवलं, रस्ताच वरच्या अंगाने न्यायचा आणि तिथे नवा रुंद पूल बांधायचा. आखणीचं काम नेमकं बबडीकडे आलं.

मावशी कुंड्या भरत बसली होती. कोपरापर्यंत माती.

“ये. ती कुंडी सरकव इकडे.”

“मावशी, मला तुझ्याशी बोलायचंय.”

“मग बोल की. तोंडाला कुठे माती लागलीय?”

बबडी गाडीत सगळं घोकून आली होती. ते पार विसरली. तिने नकाशा पसरला आणि नुसतं बोट ठेवत गेली. “हे तुझं काचघर. हे गुलाबाचे वाफे. आणि हे... अंजिराचं झाड.”

मावशीने कपाळावरचा चष्मा नाकावर ओढला. “तुमच्या माणसांनी कुंपणाशी खुंट्या ठोकल्या, त्या काय मला दिसल्या नाहीत? तू कधी येतेस याचीच वाट बघत होते. काका म्हणाले, नोटीस पाठवेल. मी म्हटलं, स्वतः येईल.” तिने घराकडे तोंड करून हाक दिली, “अहो, हरलात! आज भांडी तुमच्याकडे!”

मग ती गंभीर झाली. “दुसरीकडून नव्हता का नेता येत?”

नाही म्हणून सुटता आलं असतं. “येत होता,” बबडी म्हणाली. “खालून. तुझं पानही हललं नसतं. पण पुलाच्या तोंडाशी पुन्हा तसंच आंधळं वळण आलं असतं. खूप डोकं फोडलं गं, ते वळण काही जाईना.”

मावशीने रेघेवरून बोट फिरवलं. नकाशावर मातीचा पट्टा उमटला.

“खालून नेला असतास तर तुझा कान पिळला असता,” ती म्हणाली. “पोरांच्या जिवापेक्षा माझे गुलाब मोठे?”

पण तिची नजर अंजिराकडे गेली आणि तिथेच अडकली. ते झाड नव्या संसारात दोघांनी मिळून लावलेलं. हात पुसत बाहेर आलेल्या काकांनी ते ओळखलं. “एवढं मोठं झाड नाही हलायचं,” ते म्हणाले. “पण फांदी मातीत खोचली की अंजीर मूळ धरतं. हट्टी जात आहे, कुणासारखी ते सांगत नाही.”

मावशीला हसू फुटलं, तेव्हा कुठे बबडीने नकाशा गुंडाळायला घेतला.

खात्याने मोबदल्यात नव्या पुलापलीकडची जमीन दिली. सामान हलवायच्या दिवशी अख्खा गाव हातगाड्या घेऊन हजर. शाळेच्या बसची चालकबाई तर बसच घेऊन आली. सीटवर कुंड्या ठेवून तिने त्यांना पट्टे बांधले. अंजिराच्या फांद्या मावशीने घराघरांत वाटल्या. डोळे सारखे भरून येत होते, आणि ते कुणाला दिसू नयेत म्हणून ती दिसेल त्याच्यावर खेकसत होती.

पूल खुला झाला त्या सकाळी शाळेची बस आणि दुधाचा टँकर ऐन मध्यावर एकमेकांशेजारून निघून गेले. कुणी थांबलं नाही, कुणी मागे सरलं नाही. बघणाऱ्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला. खात्याचे मोठे साहेब भाषणाचा कागद काढत होते, तेवढ्यात मावशी पुलावर शिरली आणि कठड्याला हात लावून तिने दुसरा हात लांब पसरला.

“बघू तरी किती रुंद केलाय! अहो, धरा हात.”

काकांनी धरला. मग चालकबाईने, मग शेजाऱ्यांनी. बबडी पळत येऊन टोकाला जोडली गेली, तरी पलीकडचा कठडा लांबच.

“अजून माणसं आणा!” मावशी ओरडली.

बबडीने वळून पाहिलं. साहेब कागद हातात धरून तसेच उभे होते. तिने त्यांच्यापुढे हात केला. त्यांनी कागद घडी करून खिशात घातला, तिचा हात धरला, आणि एका अंगाला पार झुकून दुसऱ्या हाताची बोटं कशीबशी कठड्याला टेकवली.