ताटल्यांवरची फळं

काळा चष्मा कायमचा उतरला त्या सकाळी रंगमावशींना पहिली दिसली ती मांडणीवरची ताटली. मोतीबिंदूचं दुसरं ऑपरेशन होऊन तीन आठवडे झाले होते आणि आता पांढरं म्हणजे खरोखर पांढरं दिसत होतं.

"ही संत्री कुणी काढली गं?" त्यांनी सुनेला विचारलं.

सुनेचा चमचा कपातच थांबला. मावशींच्या यजमानांनी वर्तमानपत्र आणखी वर धरलं.

"छान आहेत की फळं," ते कागदाआडून म्हणाले.

फळं! मावशींच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. तीन वर्षं या घरात कुणाच्या तोंडून लिंबू हा शब्द निघाला नव्हता. 'आई, फळं सुरेख आली.' 'फळांना काय रंग चढलाय!' सगळी फळं, फळं आणि फळं.

लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी त्यांनी एका कॅलेंडरवर इटलीतल्या शेतघराचं चित्र पाहिलं होतं. दगडी भिंत, लाकडी मांडणी आणि जाडजूड ताटल्यांच्या रुंद काठांवर निळ्या पट्टीखाली पिवळी लिंबं. महिना उलटला तरी त्यांनी ते पान कुणाला उलटू दिलं नव्हतं. तेव्हापासून चाळीस वर्षं मावशी जेवणाच्या टेबलावर तशाच ताटल्या रंगवत आल्या. कोरी ताटली स्पिरिटने पुसायची, ब्रश धरलेला उजवा हात जागच्या जागी ठेवायचा आणि डाव्या हाताने ताटली फिरवत पट्टी ओढायची. पट्टी किंचित डुगडुगली पाहिजे. फूटपट्टीने मारल्यासारखी सरळ आली, तर मावशी ओल्या फडक्याने ती पुसून टाकत. रंग वाळला की ताटल्या थंड ओव्हनमध्ये ठेवून आच हळूहळू वाढवायची. एकदा भाजल्यावर मात्र पुसापुशी बंद.

मोतीबिंदू वाढत गेला तसा पिवळा रंग पांढऱ्यावर दिसेनासा झाला. म्हणून मावशी त्यात थोडा विटकरी मिसळू लागल्या. मग आणखी थोडा.

"मला सांगितलं का नाहीत?"

"सांगितलं असतं तर तुम्ही ब्रश ठेवून दिला असता, आई."

"ठेवलाच असता! आणि तीन वर्षं आधी डॉक्टरांकडे गेले असते."

"ते काही सुचलंच नाही बघा," सून ओशाळली.

"मला तर पहिल्यापासून संत्रीच वाटायची," यजमान म्हणाले.

"तुम्हाला चाळीस वर्षांत घरातल्या पडद्यांचा रंग सांगता आलेला नाही. तुम्ही बोलूच नका."

पण खरी अडचण वेगळीच होती. कोपऱ्यावरच्या हॉटेलवालीकडे तसल्या सहा ताटल्या होत्या आणि शनिवारपर्यंत तिला आणखी सहा हव्या होत्या, अगदी जुळत्या.

"तोच रंग मिसळा," सून म्हणाली. "उगीच तिने बाराच्या बारा परत आणल्या तर? नाव जाईल तुमचं."

मावशींनी विटकरी रंगाची बाटली उचलली, उजेडात धरली आणि टोपण घट्ट लावून ठेवून दिली.

"दिसत नव्हतं तोवर ती चूक होती. आता केली तर लबाडी होईल."

त्यांनी सहाही काठांवर पिवळीधमक लिंबं काढली. ब्रश एकदाही अडखळला नाही.

शनिवारी हॉटेलवाली आली. ताटल्या पाहून तिच्या कपाळावर आठी पडली.

"मावशी, माझ्याकडे संत्री आहेत. ही तर लिंबं!"

"तीही लिंबंच आहेत. डोळ्यांत मोतीबिंदू होता, रंग चुकला. घेऊन ये, बदलून देते."

सून स्वच्छच असलेला ओव्हन उगाच पुसू लागली. हॉटेलवाली मात्र खुर्चीत बसली ती हसतच सुटली.

"अहो मावशी, त्या ताटल्यांवरून माझ्याकडे रोज वाद होतात! पान लिंबाचं, टोक लिंबाचं आणि रंग संत्र्याचा. गिऱ्हाइकं अशी हमरीतुमरीवर येतात, की जेवण उशिरा आल्याचं कुणाच्या लक्षातच येत नाही. मी नाही त्या बदलून घेणार."

"आणि या?"

"याही द्या. शेजारी शेजारी मांडते. वाद आणखी रंगेल."

"माझ्या हाताखालून गेलेल्या वस्तूबद्दल असा वाद मला चालायचा नाही," मावशी म्हणाल्या. "त्या सहा दोन दिवसांसाठी इथे आणून ठेव. रंगाला हात लावणार नाही, शब्द देते."

ताटल्या आल्या. मावशींनी सहाही उपड्या घातल्या, निळ्या रंगात ब्रश बुडवला आणि प्रत्येकीच्या पाठीवर ठसठशीत अक्षरांत लिहिलं, 'हीसुद्धा लिंबंच'. खाली एक डुगडुगती पट्टी ओढली.

रंग वाळला तोवर हॉटेलवाली पुन्हा डोकावली. वाचून म्हणाली, "पण मावशी, भरलेली ताटली उलटून बघणार कोण?"

"म्हणजे जेवण चाटूनपुसून संपवावं लागेल," रंगमावशी म्हणाल्या आणि त्यांनी ओव्हनचं बटण फिरवलं.